बाबांची गोळी, गुलाबी बाटली आणि एलडीएल १४९

आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, बाबांच्या लॅब रिपोर्टचा आहे. आधीच सांगतो, मी बी.टेक. आहे, डॉक्टर नाही. हे ऐकून कुणी स्वतःच्या गोळ्या बदलू नका. मी बदलायला गेलो होतो, काय झालं ते सांगतोच.

बाबांचं एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७२ निघालं. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केली. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, १४९. या डोसला एलडीएल सहसा ४० टक्क्यांहून जास्त उतरतं. मग घोडं अडलं कुठे?

माझा पहिला संशय ॲसिडिटीच्या गोळीवर, पॅन्टोप्राझोलवर. बाबा ती सहा वर्षं घेतायत, सकाळी चहाच्या आधी. मूळ चिठ्ठीवर दोनच आठवडे लिहिले होते, पण मेडिकलवाला काही विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. रात्री एक वाजता नेटवर शोधत बसलो आणि जे शोधायचं ठरवलं होतं तेच सापडलं! सकाळी फर्मान सोडलं, "बाबा, ही गोळी आजपासून बंद."

तिथेच माती खाल्ली. चौथ्या रात्री बाबांच्या छातीत अशी जळजळ, की पहाटेपर्यंत खुर्चीत बसून काढली. आई मला काय बोलली ते इथे लिहीत नाही.

याला रिबाउंड म्हणतात. पोटाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, गोळी ते बंद पाडते. ॲसिड कमी पडतंय म्हटल्यावर शरीर गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढवतं. गोळी अचानक थांबवली की दाबून ठेवलेलं सगळं उसळतं. २००९ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२० धडधाकट लोक होते, पोटाचा काही त्रास नसलेले. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिली, मग बंद केली. त्यातल्या ४४ टक्के लोकांना ॲसिडिटीसारखा त्रास झाला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये हा आकडा १५ टक्के होता. म्हणजे गोळी सोडताना होणारा त्रास काही वेळा गोळीनेच दिलेला असतो.

आणि कोलेस्टेरॉलचं काय? ते बरंचसं यकृतात तयार होतं. पोटातले पंप बंद केले म्हणून एलडीएल चढतं, याला पक्का पुरावा नाही. उशिरा जेवण, सुटलेलं पोट, बैठं काम यातून ॲसिडिटीही वाढते आणि कोलेस्टेरॉलही. दोन्ही एकाच माणसात दिसतात, आणि आपण शेवटच्या कमिटवर खापर फोडतो.

खरा धागा डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नात निघाला. "रात्री आणखी काय घेता?" बाबा म्हणाले, काही नाही. आई म्हणाली, "अहो, ती गुलाबी बाटली?"

बाबा जेवण झालं की कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायचे आणि लगेच वर दोन चमचे अँटासिड. त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. ते रोसुव्हास्टॅटिनसोबत पोटात गेलं, तर गोळीचं रक्तात पोहोचणारं प्रमाण जवळपास निम्मं होतं. गोळीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, अँटासिड घ्यायचं तर गोळीनंतर किमान दोन तासांनी. मी सहा वर्षांची गोळी तपासत बसलो आणि खरा संशयित फ्रिजवर उभा होता. बाटली कुणाच्याच यादीत नव्हती, कारण बाबांच्या मते "ते काय औषध आहे का!"

पॅन्टोप्राझोल अगदी निर्दोष आहे असंही नाही. वर्षानुवर्षं घेतली तर मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही तपासायला सांगितलंय. तिची बहीण ओमेप्राझोल तर क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा असर कमी करते. तुमच्या घरी कुणाला स्टेंट बसवला असेल तर ॲसिडिटीची कुठली गोळी चालू आहे, ते डॉक्टरांना एकदा दाखवा.

सध्या पॅन्टोप्राझोल पुन्हा सुरू आहे, डोस हळूहळू उतरवायचाय. कोलेस्टेरॉलची गोळी आता संध्याकाळी सातला, बाटली लागलीच तर साडेनऊनंतर. पुढचा रिपोर्ट सहा आठवड्यांनी आहे. आकडा आला की सांगतो.