जिनच्या बाटलीमागचे हात



गेल्या दीड दशकात जिन या मद्याला युरोप-अमेरिकेत आणि अलीकडे गोव्यातही नवी प्रतिष्ठा लाभली आहे. तांब्याच्या लहान भट्टीत थोडी थोडी गाळलेली, निवडक वनस्पतींचा स्वाद उतरवलेली ही जिन ‘क्राफ्ट’ म्हणून, म्हणजे हस्तकौशल्याची वस्तू म्हणून, चढ्या भावाने विकली जाते. मद्य प्यावे की न प्यावे हा प्रश्न स्वतंत्र आहे. येथील प्रश्न अर्थशास्त्राचा आहे : ज्या हातांच्या नावाने ही बाटली विकली जाते ते हात कोणाचे, आणि भट्टी लावण्याचा अधिकार कोणाला मिळतो?

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. स्वादहीन मद्यार्कात जुनिपरच्या फळांचा गुण उतरवला की जिन होते. आपल्या आयुर्वेदात जुनिपरला ‘हपुषा’ म्हणतात. हे फळ पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि पिकलेली निळी-काळी फळे एकत्र असतात. म्हणून इटलीच्या तस्कनीत आणि बाल्कनच्या डोंगरांत ती बहुतांशी रानातूनच गोळा होतात. वेचणारा झुडपाखाली टोपली धरतो आणि काठीने फांदी झोडपतो. पिकलेली फळे पडतात, हिरवी झाडावर राहतात. जोडीला धणे, अँजेलिकाची मुळे, लिंबू-संत्र्याच्या साली, वेलदोडे असतात. आयरिसचे कंद तर काढल्यावर काही वर्षे वाळवावे लागतात, तेव्हा कोठे त्यांना सुगंध येतो. हे सारे मद्यार्कात भिजवून पुन्हा गाळतात. आधी सालींचा वास उतरतो, मग जुनिपर व धण्यांचा, शेवटी मुळांचा. आरंभीचा आणि अखेरचा भाग केव्हा बाजूला काढावा, हे ओळखण्यात कारागिराचे खरे कसब आहे.

परंतु मूळ मद्यार्काचे काय? युरोपीय कायद्यानुसार ‘लंडन’ जिनसाठी तो किमान 96 टक्के शुद्ध लागतो. इतकी शुद्धता लहान भट्टीत साधत नाही. त्यासाठी उंच मनोऱ्यांचे कारखाने लागतात. म्हणून बहुतेक क्राफ्ट उत्पादक मद्यार्क मोठ्या कारखान्यांकडून विकत घेतात. म्हणजे बाटलीच्या एका टोकाला रानात वेचणारा मजूर, दुसऱ्या टोकाला प्रचंड कारखाना. चिठ्ठीवर मात्र फक्त मधल्या कारागिराचे चित्र!

भट्टी कोणाची, हा प्रश्न जुनाच आहे. 1690 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन देणारा कायदा केला. फ्रेंच ब्रँडीला शह देणे हा एक हेतू होता. पण पार्लमेंटात जमीनदार बसले होते आणि त्यांच्या धान्याला गिऱ्हाईक हवे होते. लंडनच्या गरीब वस्त्या जिनमध्ये बुडाल्या तेव्हा दोष मात्र गरिबांच्या शीलाला देण्यात आला. 1736 च्या कायद्याने किरकोळ विक्रीच्या परवान्यावर वर्षाला 50 पौंड बसवले. इतके पैसे फेरीवाल्याजवळ कोठून असणार? परवाने नगण्य निघाले, चोरटी विक्री फोफावली आणि 1743 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. 1751 मध्ये होगार्थने ‘जिन लेन’ हे चित्र काढले. त्यात सुतार आपली करवत गहाण टाकतो आहे, गृहिणी स्वयंपाकाची भांडी. साऱ्या पडझडीत भरभराट आहे ती सावकाराची. पुढे 1757 मध्ये पीक बुडाले, तेव्हा धान्यापासून मद्य गाळण्यास बंदी आली. नीतिपाठांना जे साधले नव्हते, ते धान्याच्या टंचाईने बऱ्याच अंशी साधले.

अशाच नियंत्रणाचा अनुभव मुंबई इलाख्यालाही आला. 1878 च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून उत्पादन मक्तेदारांच्या हाती एकवटले. 1892 च्या मोहवा कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. आदिवासींचे अन्न आणि पेय दोन्ही एका फटक्यात गुन्हा ठरले. गोव्यात पोर्तुगीज अंमल होता. हे कायदे तेथे नव्हते. काजूच्या बोंडांची फेणी गावच्या लहान भट्ट्यांवर निघत राहिली आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासीच्या हातात कौशल्य कमी नव्हते. कायदा त्याच्या विरुद्ध होता, इतकेच.

त्याच 2009 साली लंडनमध्ये सिपस्मिथ या छोट्या उत्पादकाने 300 लिटरच्या भट्टीसाठी परवाना मिळवला. त्यापूर्वी 1800 लिटरांहून लहान भट्टीला परवाना नाकारण्याची रीत होती. त्या एका परवान्याने इंग्लंडात शेकडो लहान भट्ट्यांची वाट मोकळी झाली. पण 2016 मध्ये सिपस्मिथ बीम सन्टोरी या बड्या कंपनीने घेतली. आपल्याकडे हिमालयातील जुनिपर वापरून ‘हपुसा’ ही जिन काढणाऱ्या गोव्यातील कंपनीत 2022 मध्ये युनायटेड स्पिरिट्सने भाग घेतला. लहानांनी जोखीम पत्करून बाजार घडवावा आणि घडल्यावर भांडवलाने तो विकत घ्यावा, हा क्रम येथेही चुकला नाही.

यावरून लहान भट्टी निरर्थक ठरत नाही. परवान्याची अट बदलताच केवढे कौशल्य मोकळे होते, हेच 2009 ने दाखवले. मात्र परवाना हा अर्धाच भाग आहे. मद्यार्क कोठून आला हे चिठ्ठीवर छापणे, रानातून वेचणाऱ्यांची सहकारी संस्था आणि त्यांना ठरलेला भाव, परवान्याचे शुल्क भट्टीच्या आकारानुसार, ही उरलेल्या अर्ध्याची मागणी आहे. तोपर्यंत ‘हस्तकौशल्य’ हा शब्द ज्यांचे हात खरोखर राबतात त्यांच्याकडून उसना घेतलेलाच राहील.