फादर स्टीफन्स कुणाचे?



आपण जमलो आहोत त्या ताथवड्याहून देहूही जवळ आणि ज्ञानदेवांची आळंदीही. ज्ञानदेवांनी ज्या ओवीतून गीता सांगितली, त्याच ओवीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींत उरकला जातो. या व्यासपीठाची पहिली तक्रार तीच आहे.

दुसरी तक्रार ख्रिस्ती वक्त्यांबद्दल. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायासन, होते, देवळे पाडली गेली, जुन्या पोथ्यांवर बंदी आली. हे दडवून स्टीफन्सचे गोडवे गाणे अप्रामाणिक आहे. खुद्द स्टीफन्सने तरी कुठे दडवले? ग्रंथाच्या आरंभीच एक जाणता ब्राह्मण ख्रिस्ती त्यांना विचारतो, आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? बंदीने रिकामी केलेली ती जागा धर्मगुरूला दिसली होती. त्याने ती लॅटिनने किंवा पोर्तुगीजने भरली नाही. लोकांची भाषा आणि लोकांचा छंद शिकून घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले.

स्टीफन्स 1619 मध्ये वारले. पुराण 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. मग 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनेच स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरी ओव्या टिकल्या, कारण गोव्याबाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या हाताने उतरवून काढल्या आणि ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात म्हटल्या. मंगळूरला 1907 मध्ये संपादक सालढाणांनी अशाच हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती 1956 ची. धाकाने माणसे चर्चमध्ये आणता येतात. पण त्यांनी पिढ्यान् पिढ्या ओव्या जपाव्यात, असे फर्मान कोणता व्हाइसरॉय काढणार?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच परंपरेतले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ मराठी आहे, वसईच्या हिरवाईसाठीचा त्यांचा लढा मराठी मातीतला. 2019 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड होताच, ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून गदारोळ उठला. कीर्तनकाराचे निरूपण साहित्य ठरते, तर धर्मगुरूचे प्रवचन संशयास्पद का? दिब्रिटो 2024 मध्ये गेले. विरोध करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिलेच आहे.

आणि पिंपरी-चाकणच्या कारखान्यांमागे इथे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही एक प्रश्न. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांना प्रार्थना मात्र इंग्रजीतच यावी, हा हट्ट कशासाठी? येत्या प्रायश्चित्तकाळात इथल्या चर्चमध्ये ‘ख्रिस्तपुराणा’तल्या ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या ओव्या मराठीत म्हटल्या जाव्यात. ताथवड्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी ‘ख्रिस्तपुराण’ ज्ञानेश्वरीच्या कपाटात ठेवावे, आणि आळंदीच्या अभ्यासकांना त्यावर बोलायला बोलवावे.