कंबोडिया : संहार आणि त्यानंतर

(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संक्षेप)



कंबोडिया म्हटलं की आपल्याला अंकोरवाट आठवतं. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीला होती, हेही काहींच्या वाचनात आलं असेल. मी मात्र देवळाविषयी बोलणार नाही. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत सुमारे ८० लाख वस्तीच्या त्या देशात १५ ते २० लाख माणसं मेली. काही मारली गेली, काही उपासमारीने गेली, काही साध्या हिवतापाने, कारण औषध द्यायला डॉक्टर उरले नव्हते.

हे झालं कशामुळे? अमेरिकेने १९६९ ते १९७३ कंबोडियावर बॉम्ब टाकले, १९७० मध्ये लॉन नॉल या सेनापतीने राष्ट्रप्रमुख सिहानूक यांना पदच्युत केलं, शेतकरी देशोधडीला लागले आणि त्यांची पोरं ख्मेर रूजमध्ये भरती झाली, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. बॉम्ब शेजारच्या लाओसवरही पडले, आणि थोडेथोडके नाही. तिथे असं घडलं नाही.

कंबोडियात त्या उद्ध्वस्त गावांना एक सिद्धांत मिळाला, आणि तो देणारे लोक शिकलेले होते. पॉल पॉट, मूळ नाव सालोथ सार, सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेलेला आणि परतल्यावर मास्तरकी केलेला. ख्यू साम्फानने पॅरिसला अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेली. तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख डूक हा गणिताचा मास्तर, आणि तो तुरुंग म्हणजे आधीची शाळा! तिथे १२ हजारांहून अधिक माणसं संपवली, अनेकांचे जबाब लिहून घेऊन, फाईल लावून.

नॉम पेन्ह पडलं त्याच दिवशी शहर रिकामं करायला सुरुवात झाली. अमेरिकन बॉम्ब पडणार आहेत, दोनतीन दिवसांत परत याल, असं सांगून २० लाखांच्या आसपास लोक हाकलले. इस्पितळातले रुग्ण खाटांसकट रस्त्यावर आले. मग माणसांची विभागणी झाली. खेड्यातले ते 'मूळ लोक', शहरातून आलेले ते 'नवे लोक'. त्यांच्या ख्मेर भाषेत 'मूळ'साठी जो शब्द वापरला, तो पालीतून गेलेला आहे. आपलाच 'मूल' त्यात बसलेला. नव्यांना पेज कमी, काम जास्त, आणि शंका आली की रात्री बोलावणं. वरून हुकूम होता हेक्टरी तीन टन भाताचा. पीक तेवढं येत नव्हतं. पण तसं कळवणारा घातपाती ठरत होता. म्हणून कागदावर पीक आलं, त्या हिशेबाने धान्य उचललं गेलं आणि पिकवणारे उपाशी मेले.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला, तो सांगतो. त्या देशात व्हिएतनामी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. चंपा राज्य बुडाल्यावर आलेले चाम मुसलमान तर कित्येक शतकं तिथलेच. चाम लोकांची भाषा बंद केली, कुराणं जाळली, बळेच डुकराचं मांस खायला लावलं. १९७५ मध्ये दोन गावांनी उठाव केला तर ती गावं मोडली. व्हिएतनाम्यांपैकी दीड लाखांच्या आसपास लोक आधी सीमेपार घालवले. जे राहिले, त्यातले जवळजवळ सगळे १९७७-७८ मध्ये मारले गेले. नवरा ख्मेर आणि बायको व्हिएतनामी असेल तर बायको आणि मुलं जायची. नवरा व्हिएतनामी असेल तर नवरा जायचा, मुलं पुष्कळदा वाचायची. वंश आईकडून येतो, असं त्यांनी ठरवलं होतं. न्यायालयात हे सिद्ध झालं आहे.

भूमिपुत्र हा शब्द मलाही आवडायचा. मुंबई-पुण्याचे आपले नातेवाईक तो वापरतात तेव्हा आपण मान डोलावतो. पण इथे आपण चार-पाच पिढ्या राहूनही कोणाच्या तरी हिशेबात बाहेरचेच असू शकतो, हे तेव्हा लक्षात येत नाही. आपली तुलना त्यांच्याशी करायची नाही. आपल्याला इथे मानाने राहू दिलं आहे. तरी हा शब्द हल्ली माझ्या तोंडातून सहज निघत नाही.

पुढचं ऐकून संताप येईल. व्हिएतनामच्या फौजांनी ही राजवट पाडली. पण व्हिएतनाम सोव्हिएत गटातला. म्हणून चीन, अमेरिका आणि शेजारी राष्ट्रांनी मिळून संयुक्त राष्ट्रसंघातली कंबोडियाची खुर्ची ख्मेर रूजकडेच ठेवली. १९८२ नंतर सिहानूक यांना पुढे घालून आघाडी दाखवली, एवढाच फरक. जुलै १९८० मध्ये इंदिराबाईंच्या सरकारने नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. सोव्हिएत गटाबाहेरच्या फार थोड्या देशांनी हे केलं. त्यात आपलंही राजकारण होतं, पण भूमिका बरोबर होती.

पॉल पॉट १९९८ मध्ये जंगलात मेला. न्यायालय २००६ मध्ये सुरू झालं आणि शिक्षा झाल्या फक्त तिघांना : डूक, नुओन चिआ आणि ख्यू साम्फान. पंतप्रधान हुन सेन स्वतः १९७७ मध्ये ख्मेर रूजमधून पळालेले; २०२३ पर्यंत सत्ता त्यांची, आणि आणखी खटले त्यांना नकोच होते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालात वंशसंहार हा गुन्हा सिद्ध झाला तो चाम आणि व्हिएतनामी यांच्याबाबतीत. लाखो ख्मेर मेले ते कायद्याने 'मानवतेविरुद्धचे गुन्हे'. कारण १९४८ च्या करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व येतं. वर्ग किंवा राजकीय मत येत नाही.

आणि ज्यांच्याबाबतीत गुन्हा सिद्ध झाला ते व्हिएतनामी? १९७९ नंतर काही कुटुंबं परतली आणि तोनले साप सरोवरावर तरंगत्या घरांत राहू लागली. १९९३ च्या मार्चमध्ये तिथल्या चोंग क्निआस गावात ख्मेर रूजने पुन्हा ३३ जणांना मारलं. त्यांचे जुने कागद पॉल पॉटच्या काळातच नष्ट झाले होते. आजोबा याच देशात जन्मले असं सांगणाऱ्या अनेकांकडे ते दाखवणारा कागद नाही; म्हणून सरकारदरबारी ते परदेशातून आलेले ठरतात, आणि त्यांच्या मुलांना जन्मदाखला मिळत नाही.