होडीतली हत्यारपेटी

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली, तेव्हा बायका होडी नेतात म्हणून लोक बघायला यायचे. आता त्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. काही गट वल्ह्यांवर होडी नेतात, काहींनी मागे लहानसं इंजिन लावलंय. आजचं बोलणं त्या इंजिनवाल्यांसाठी. आमच्या गटाचं इंजिन मी सांभाळते, म्हणून हत्यारपेटीबद्दल मीच बोलावं असं ठरलं.

पेटीच्या आधी नांगर. इंजिन बंद पडलं की सगळ्यांचा हात आधी दोरी ओढायला जातो. एकदा, दोनदा, दहादा. तोवर ओहोटी होडीला खाडीच्या मुखाकडे नेत असते, आणि तिथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटते. आपलं डोकं इंजिनात, पाहुण्यांची तोंडं आपल्याकडे, आणि किनारा कुठे गेला ते कुणीच बघत नाही. म्हणून आधी नांगर टाका. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडा. होडी थांबली, पाहुण्यांना दोन शब्द सांगितले, की मग पेटी उघडा. दोन वल्ही होडीत हवीतच, इंजिन कितीही नवं असलं तरी.

आता पेटीत काय? बाजारात तयार संच मिळतो, चाळीस नगांचा, छान कप्प्यांत बसवलेला. तो घेऊ नका असं माझं मत. त्यातले पाचसहा नग आपल्या कामाचे आणि नेमका हवा तो नसतो. शेजारच्या एका गटाकडे असाच संच होता. खाडीत प्लग बदलायची वेळ आली तर त्यातला प्लग-पाना त्यांच्या प्लगला बसेना. आठ पाहुणे घेऊन वल्हवत परत आल्या बिचाऱ्या, आणि आलेल्यांनी पैसे अर्धेच दिले.

त्यापेक्षा असं करा. एका दुपारी इंजिन किनाऱ्यावर स्टँडला लावा, खाली जुनं लुगडं अंथरा. पाण्यात जे जे उघडावं लागेल ते ते स्वतःच्या हाताने उघडा आणि परत बसवा. ज्या पान्याने उघडलं तो लुगड्यावर ठेवा. शेवटी लुगड्यावर जे जमेल तीच तुमची पेटी. जपानी बनावटीच्या इंजिनांना बहुधा ८, १०, १२ आणि १४ नंबरचे पाने लागतात, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, आपलं आपण लावून बघा. त्याशिवाय प्लग-पाना, एक चपटा आणि एक फुलीचा डिसमिस, पक्कड, स्क्रू-पाना आणि धारदार सुरी. बस.

सुरी सगळ्यात जास्त लागते. तुटक्या जाळ्याचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, दोरी, सगळं पंख्याला येऊन गुंडाळतं. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून ती लाल दोरीची क्लिप काढून घ्या. ही क्लिप जागेवर नसली तर इंजिन सुरूच होत नाही, म्हणजे हात सुरक्षित. पण तेवढ्याचसाठी जास्तीची एक क्लिप पेटीत हवी. पहिली पाण्यात पडली तर चांगलं इंजिन असून आपण वल्हवत घरी.

पंख्याची पिन. अगदी लहान इंजिनांत पंखा एका बारीक पिनेवर अडकवलेला असतो. पंखा दगडावर आपटला की पिन तुटते आणि आतले दाते वाचतात. ती तुटण्यासाठीच केलेली आहे. म्हणून तिच्या जागी खिळा ठोकायचा नाही. खिळा तुटत नाही, मग दाते तुटतात, आणि तो खर्च गटाच्या वर्षभराच्या शिलकीत बसत नाही. दोन पिना आणि दोनतीन स्प्लिट पिना छोट्या डबीत ठेवा. मोठ्या इंजिनात पिनेऐवजी आत रबर असतं, तिथे हे लागत नाही. आपलं कुठलं, ते फिटरला विचारून घ्या.

नवे प्लग दोन. बसवताना आधी बोटांनी फिरवत पूर्ण आत न्या, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. पहिल्यापासूनच पाना लावला आणि आटे तिरके गेले, तर काम मोठं होतं.

पेट्रोलच्या नळीवर रबरी फुगा असतो ना, तो चपटा होऊन आत ओढला गेला तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. निम्म्या वेळा तोच बंद राहिलेला असतो. त्याला हत्यार लागत नाही, फक्त आठवण लागते. नळीसाठी दोन क्लिपा आणि चिकटपट्टी ठेवा.

इंजिनातून बाहेर पाण्याची पिचकारी उडते, ती थांबली तर इंजिन लगेच बंद. थंड करणारं पाणी पोचत नाहीये. खालच्या जाळीला पिशवी चिकटलीय का बघा, आणि पिचकारीच्या भोकात जाड तंगूस घालून साफ करा. एवढ्याने झालं तर झालं. आतलं रबरी चक्र गेलं असेल तर ते पाण्यात बदलायचं काम नाही. वल्ही घ्या.

सुरू करायची दोरी तुटली तर? मीटरभर मजबूत दोरी पेटीत असू द्या, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला लाकडाची मूठ. वरचं झाकण आणि दोरीची चकती काढून गाठ चाकाच्या खाचेत अडकवायची, गुंडाळायची आणि ओढायची. इथे नीट ऐका बायांनो. अशा वेळी गिअरमध्ये असतानाही इंजिन सुरू होऊ शकतं, म्हणून आधी न्यूट्रल तपासा. आणि चाक उघडं फिरत असतं. पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. फिटर हे सांगत नाही, त्याला वेणी नसते.

याशिवाय पाणी उपसायचा डबा, छोटं भोक बुजवायला लाकडाचं बूच आणि चिंध्या, थोडी तांब्याची तार, टॉर्च, शिट्टी. मोबाईल पाणी न जाणाऱ्या पिशवीत, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर.

खारी हवा लोखंड खाते हे आपल्याला विळी-कोयत्यावरून ठाऊक आहे. म्हणून लोखंडी पेटी नको. रबराच्या झाकणाची, घट्ट बसणारी प्लॅस्टिकची बरणी किंवा डबा घ्या. प्रत्येक पान्याला तेलाचा हात द्या, तेलकट फडक्यात गुंडाळा. महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून पुसा, आणि पक्कड उघडते का ते बघा, कारण ती गप्पकन धरून बसते. पाना आणि पक्कडीला सुतळीचा फास बांधा, तो मनगटात अडकवून काम करायचं. खाडीत पडलेला पाना मी आजवर कुणाला मिळालेला बघितला नाही.

खर्च गटाच्या सभेत मंजूर करून घ्या, आणि डब्याच्या झाकणाच्या आतून यादी चिकटवा. जे वापरलं ते त्याच संध्याकाळी यादीवर खूण करून भरून ठेवायचं. होडी आज एकीकडे, उद्या दुसरीकडे असते, तेव्हा "तिने घेतला असेल" हा हिशेब चालत नाही. आणि डब्याला कुलूप लावू नका. चोरीची भीती वाटत असेल तर रात्री डबा घरी न्या. सकाळी लाइफ जॅकेटं मोजताना डबाही मोजून होडीत ठेवा.