पदवीनंतरचे एक वर्ष
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आमच्या वस्तीतली पोरं-पोरी बी.ए., बी.कॉम. होतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण निकाल लागला की कित्येकांचं वर्ष नाक्यावर जातं. 'नोकरी लागेल तवा बघू' म्हणतात. अशा वेळेचं काय करावं, हे आम्ही बाबासाहेबांकडून शिकलं पाहिजे.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पै-पै साठवली. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी.एससी. झाले. खंड पडला, पण अभ्यास सुटला नाही!

पुढे १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. तो वारसा आपला आहे.

तेव्हा पदवीधरांनो, सकाळी परीक्षेचा अभ्यास करा. दिवसा मिळेल ते काम करा, पुढच्या फीचे पैसे पोस्टात टाका. संध्याकाळी विहारात दहावीच्या पोरांना गणित, इंग्रजी शिकवा.

आणि आई-बापांनो, पोरगं वाचत बसलं तर 'बसून खातंय' म्हणू नका. पोरीचा निकाल लागताच स्थळं बघायची घाई करू नका. ते एक वर्ष तिलाही द्या!

जयभीम! नमो बुद्धाय!