जिवंत माणसाचा शोक

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडणाऱ्यांची ये-जा सदैव चालू असते. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध असे गेलेल्या माणसाच्या दुःखाचे दिवस परंपरेने नेमून दिलेले आहेत. समाचाराला केव्हा जावे हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असते. परंतु ज्याचे प्रिय माणूस जिवंत आहे, त्याच शहरात राइट टाऊनमध्ये राहते आणि तरीही आपले उरलेले नाही, त्याच्या शोकाला तिथी नाही. ते माणूस ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्वविकाराने पीडित असेल, तर हा शोक अधिकच गुंतागुंतीचा होतो.

1938 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी सौम्य व तीव्र मनोविकारांच्या सीमेवर भासणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. तेव्हापासून हे नाव रूढ झाले. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्थान मिळाले. आपल्याला टाकून दिले जाईल ही भीती आणि आवरता न येणाऱ्या भावना, ही या विकाराची दोन मुख्य अंगे. सकाळी देवासमान वाटणारा जोडीदार, उत्तराला जरा विलंब झाला की संध्याकाळी वैरी ठरतो. मात्र हे निदान वैद्याने करावयाचे असते. दुखावलेल्या जोडीदाराच्या तोंडी हेच नाव फार लवकर शिवी बनते.

नाते तुटल्यावर मित्र म्हणतात, ‘सारे नाटक होते, सुटलास!’ या सांत्वनाने जीव शांत होत नाही. कारण प्रेम नाटक ठरले की आपली चार वर्षेही खोटी ठरतात. वस्तुतः त्या माणसाची माया खरी होती आणि संतापही खरा होता. यांतील एकाला खोटे ठरवण्याचा हट्ट सुटेपर्यंत मन त्याच त्या प्रसंगांभोवती फिरत राहते.

दुसरा काटा अपराधाचा: ‘आणखी थोडे सोसले असते तर?’ बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील 290 रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. दहा वर्षांत 93 टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. कामधंदा व नातेसंबंध यांसह पुरते सावरलेले मात्र निम्मेच होते. या विकारावरील एक प्रमुख उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान स्वतः तरुणपणी, 1961 मध्ये, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या. ही गोष्ट त्यांनी 2011 मध्ये जाहीर केली. म्हणजे माणूस सावरतो. पण त्यासाठी शिस्तीचा, दीर्घ उपचार लागतो. एकट्या जोडीदाराच्या जागरणांनी ते काम होत नाही. म्हणून दूर होणे म्हणजे कोणाचे औषध हिरावून घेणे नव्हे.

मध्यरात्री मरणाचा निरोप आला, तर त्याला ढोंग समजू नये आणि एकट्याने धावतही सुटू नये. त्या माणसाच्या घरच्यांना कळवावे, धोका समोर असेल तर 112 वर फोन करावा. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेली टेलि-मानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. ती सोडून गेलेल्यासाठी जशी, तशीच मागे राहिलेल्यासाठीही आहे. एरवीच्या निरोपांना मात्र उत्तर न देणेच बरे. अर्धवट उघडे दार दोघांनाही झोपू देत नाही.

आणि झोपच सर्वांत उशिरा परतते. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मनःस्थितीवर पहारा देणारे शरीर, पहारा उठल्यावरही फोनच्या आवाजाने दचकते. पुष्कळ महिन्यांनी एखाद्या दुपारी, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव चाललेली असताना, फोन घरीच राहिला आहे हे उशिरा ध्यानात येते.