दुरुस्तीची विद्या



सॉफ्टवेअरच्या संमेलनात नव्या भाषा आणि नवी साधने यांवर बोलायचा रिवाज आहे. मी मात्र जुन्या कोडची बाजू घेणार आहे. प्रोग्रॅमरचा हात स्वतःच्या ओळी वाढवून जेवढा बसतो, त्याहून दुसऱ्याचा कोड वाचून आणि दुरुस्त करून अधिक बसतो, असे माझे म्हणणे आहे. या धंद्यात ओळी लिहिणे फारसे अवघड नाही. आपण न बोलता काय गृहीत धरले आणि ते खोटे ठरले तर काय होईल, हे ओळखणे अवघड.

त्याचे उदाहरण आपण जमलो आहोत त्या पळसदरीतच आहे. रेल्वेचा खोपोलीकडचा फाटा आणि बोरघाटाची चढण इथूनच वेगळे होतात. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटातल्या रेल्वेमार्गाचा चढ जागोजागी ३७ फुटांमागे १ फूट आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागतीलच, हे इथे धरून चालत नाही. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवली. सांधे मुळातच त्या चढत्या आडमार्गाकडे लावलेले असतात. गाडी थांबून ताब्यात असल्याची खात्री पटली, तरच मुख्य मार्ग मिळतो. म्हणजे कोणी काहीच केले नाही, तरी रचना सुरक्षित बाजूलाच झुकलेली. आपण नेमके उलटे करतो. सगळे सुरळीत चालेल असे धरून कोड लिहितो आणि बिघाडाचे शेवटच्या आठवड्यात बघू म्हणतो.

आता मराठी मजकूर घ्या. ‘पळसदरी’ वाचणाऱ्याला पाच अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे होतात, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. गावाच्या नावाची जागा पाच चिन्हांची ठेवली, की पडद्यावर ‘पळसदर’ उमटते. ‘दऱ्या’ तर आणखी खट्याळ. त्यातला ‘ऱ’ एक चिन्ह म्हणूनही साठवता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. दिसायला दोन्ही हुबेहूब. पण आधी एकसारखे रूप न देता तुलना केली, तर संगणक त्यांना वेगळे मानतो आणि शोध रिकामा परततो. हे पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात शिकता येईलही, पण लक्षात राहते ते कोणाची तरी न सापडणारी नोंद शोधताना.

जुना कोड म्हणजे सिद्ध कोड, असा समज करून घेणेही घातक. १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. एरियान ४ मध्ये बिनतक्रार चाललेला कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा त्याच्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही. तो कोड तिथे नेताना त्यातले गृहीतक कोणी तपासले नाही, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा की दुरुस्ती ही हमाली आहे, तिच्यातून कारागीर घडत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन अंकी सालाचा घोळ निस्तरायला परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबोलमधले प्रोग्रॅम मुंबई-पुण्याकडे आले, तेव्हाही असेच नाक मुरडले गेले. तक्रारीत तथ्य आहे: ठरलेला बदल ठरलेल्या जागी करत राहिला, तो फारसे शिकला नाही. पण साल कुठून येते, कुठे साठते, व्याजाच्या हिशेबात कसे शिरते हे ज्याने माग काढत पाहिले, त्याला अख्ख्या व्यवस्थेची रचना आतून कळली. फरक कामात नव्हता, ते कसे सोपवले यात होता.

दुसरा आक्षेप ताजा आहे. आता यंत्रच कोड लिहून देते, मग हात बसवायचा कशाला? मला वाटते, यंत्राने लिहिलेला कोड हाही दुसऱ्याचाच कोड आहे, शिवाय त्याच्या लेखकाला ‘हे असे का केलेस’ असे विचारून भरवशाचे उत्तर मिळेलच असे नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्येच मांडले होते की प्रोग्रॅमचे खरे ज्ञान तो रचणाऱ्यांच्या डोक्यात असते, कागदपत्रांत ते पुरते उतरत नाही. ते डोके रिकामे ठेवून फक्त ओळी वाढवल्या, तर पहिल्या बिघाडाला कोणाला हाक मारायची?

कंपन्यांना सवड नाही, हा तिसरा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. रात्री दोनला बंद पडलेली यंत्रणा उभी करायला सवड मिळतेच. नव्या माणसाला पहिले वर्ष चालत्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीवर, जाणत्या माणसाच्या शेजारी बसवा. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधल्या चुकांची वही ठेवली आणि १९८९ मध्ये ती छापलीही, तशी वही प्रत्येक गटाने ठेवावी. आणि पुढच्या संमेलनात नव्या साधनांच्या प्रात्यक्षिकांतला निम्मा वेळ काढून घेऊन एकच जुना, वापरात असलेला प्रोग्रॅम सर्वांनी मिळून वाचावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने कार्यकारिणीपुढे ठेवतो.